अपग्रेडकर

अपग्रेडकरांना "तुम्ही कॉम्प्युटरवर नेमकं करता काय?" असं विचारू नये. आमच्या सोसायटीत नव्याने राहायला आलेल्या एका भाबड्या गृहस्थांनी ते एकदा विचारलं.

"सध्या चोवीस एच टू करतोय," अपग्रेडकर म्हणाले.

गृहस्थांना वाटलं, आयकराचा एखादा नवा फॉर्म निघाला असेल. "माझं सगळं आमचे सीए बघतात," ते म्हणाले.

"ते असू दे. तुमच्या मशिनवर काय आहे?"

"मशिनवर? कव्हर आहे."

अपग्रेडकरांच्या चेहऱ्यावर अपार करुणा पसरली. त्याच संध्याकाळी ते पेन ड्राइव्ह घेऊन त्या गृहस्थांच्या दारात उभे होते.

अपग्रेडकरांचं खरं आडनाव सोसायटीच्या मेंटेनन्सच्या बिलावर छापलेलं असतं, पण खजिनदार सोडला तर ते कोणाच्या लक्षात नाही. डोंबिवलीहून मुंबईच्या बँकेत लोकलने ये-जा करण्यात उमेदीची वर्षं गेलेला हा माणूस. अर्ध्या बाह्यांचा चौकडीचा शर्ट, कपाळावर चढवलेला चष्मा आणि खिशात पेनांच्या जागी तीन पेन ड्राइव्ह. प्रत्येकीला सेलोटेपने चिकटवलेली चिठ्ठी. एकीवर 'दहा', दुसरीवर 'अकरा' आणि तिसरीवर 'हात लावू नये'. तिसरीत काय आहे असं विचारलं की ते विषय बदलतात.

त्यांच्या घरी कॉम्प्युटर आला १९९९ साली. त्यानंतर तो कधी फारसा बंद पडला नाही आणि कधी कोणाच्या उपयोगीही पडला नाही. कारण ज्या दिवशी तो चालू असतो, त्या दिवशी त्याच्यावर काहीतरी चढत असतं. वहिनींचा भिशीचा हिशेब वहीत असतो. टेलिफोन नंबर कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिलेले असतात. गावी जायचं रेल्वेचं तिकीट शेजारच्या मुलीकडून काढून घेतलं जातं. चिरंजीवांनी बारावीचा प्रोजेक्ट समोरच्या ब्लॉकमध्ये बसून टाइप केला, कारण त्या आठवड्यात घरी विंडोज सेव्हन येत होती. "तुमच्याकडे कॉम्प्युटर आहे ना हो?" असं कोणी विचारलं तर वहिनी शांतपणे सांगतात, "आहे. पण तो ह्यांचा आहे."

बाकीचे लोक आपलं आयुष्य लग्न, मुलं, फ्लॅट, निवृत्ती अशा टप्प्यांनी सांगतात. अपग्रेडकर ते विंडोजच्या आवृत्त्यांनी सांगतात. चिरंजीव जन्मले थ्री पॉइंट वनच्या काळात. वडील गेले तेव्हा एक्सपीचा सर्व्हिस पॅक टू नुकताच आला होता. फ्लॅटचं कर्ज फिटलं ते व्हिस्टात. लग्नाचा वाढदिवस मात्र त्यांना आठवत नाही, कारण तो डॉसमध्ये आहे.

त्यांची दीक्षा झाली ती विंडोज ९५च्या वेळी. २४ ऑगस्ट १९९५ला ती बाजारात आली आणि काही महिन्यांनी त्यांच्या शाखेत पोचली. ज्यांच्याकडे सीडी ड्राइव्ह नव्हता त्यांच्यासाठी ती फ्लॉप्यांवर मिळायची, तेरा फ्लॉप्या. इंजिनिअर एकेक आत सरकवत होता आणि शाखेतले लोक भोवती उभे होते. बाराव्या फ्लॉपीला मशिन अडलं. इंजिनिअरने कपाळावर हात मारला आणि पुन्हा पहिली फ्लॉपी घातली. लोक जेवायला गेले. अपग्रेडकर तिथेच थांबले. डबा न खाता माणूस कशाला तरी दोन तास टक लावून बघू शकतो, आणि त्या दोन तासांत त्याला दुसरं कोणी काम सांगत नाही, हा शोध त्यांना त्या दुपारी लागला.

पुढे बँकेकडून कर्ज काढून ते लॅमिंग्टन रोडला गेले. डोंबिवलीहून दादर, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. येताना लोकलमध्ये सीपीयू मांडीवर होता आणि मॉनिटर एका मित्राच्या मांडीवर. घरी विंडोज ९८ सुखाने नांदायला लागली, म्हणून वर्षभरात त्यांनी ती काढून मिलेनियम एडिशन टाकली. ही आवृत्ती आपण वापरली असं चारचौघांत कबूल करणारी माणसं आज फार थोडी. अपग्रेडकर नुसतं कबूल करत नाहीत, दोनदा टाकली म्हणून सांगतात.

मग २५ ऑक्टोबर २००१ला एक्सपी आली आणि सगळा देश तिच्यावर स्थिरावला. सायबर कॅफे, एमएससीआयटीचे क्लास, पतपेढ्या, दवाखाने, सगळीकडे तीच निळी पट्टी आणि तीच हिरवी टेकडी. ती टेकडी स्वित्झर्लंडची की पाचगणीची, यावर आमच्या जिन्यात वाद व्हायचे. तिचा फोटो चार्ल्स ओ'रिअर यांनी १९९६ साली कॅलिफोर्नियात काढला, हे अपग्रेडकरांनी सांगितलं तेव्हा वाद मिटला. पाचगणीवाले मात्र आजही त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात.

लोकांना सुखाचा वाटलेला हा काळ अपग्रेडकरांना फार जड गेला. नवी आवृत्ती यायला २००७ साल उजाडलं. पाच वर्षं! या पाच वर्षांत करायचं काय? त्यांनी एक्सपी काढून एक्सपीच टाकायला सुरुवात केली. "मशिन स्लो झालंय, एक फॉरमॅट मारून घेऊ," हे वाक्य आमच्या इमारतीत त्या काळात 'चहा घेणार का?' इतकं रुळलं होतं. सी ड्राइव्ह पुसायचा, डी ड्राइव्हला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. पण माणसं आपली पत्रं, फोटो आणि लग्नाच्या याद्या डेस्कटॉपवर ठेवतात, आणि डेस्कटॉप सी ड्राइव्हवर असतो, ही माहिती बऱ्याच घरांत पुसून झाल्यावर पोचली. पंचवीस अक्षरांची प्रॉडक्ट की त्यांना तोंडपाठ होती. वहिनींचा मोबाइल नंबर ते आजही फोनमध्ये बघून सांगतात.

व्हिस्टाला जगाने नावं ठेवली. कुठल्याही कामाआधी ती पडदा अंधारून विचारायची, 'हे करायला तुमची परवानगी आहे का?' लोक या प्रश्नाने वैतागले. अपग्रेडकरांना तो आवडला. त्यांच्या घरात त्यांची परवानगी मागणारं दुसरं कोणी नव्हतं.

विंडोज ८ हा त्यांच्या कारकिर्दीतला सुवर्णकाळ. २०१२च्या ऑक्टोबरमध्ये ती आली आणि कोपऱ्यातलं स्टार्टचं बटण नाहीसं झालं. लोकांना कॉम्प्युटर चालू करता येत होता, पण बंद करता येईना. त्यासाठी माउस उजव्या कोपऱ्यात नेऊन धरायचा, मग बाजूने एक पट्टी सरकत यायची, तिच्यात सेटिंग्ज, त्याच्या पोटात पॉवर. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा रोज रात्री दहाला फोन करायचे, "आलात का? बंद करायचाय." अपग्रेडकर जेवण अर्धवट टाकून जायचे. वर्षभराने ८.१ने ते बटण परत आणलं तेव्हा सोसायटीत एकच माणूस हळहळला. ८नंतर एकदम १० आली, ९ आलीच नाही. तो आकडा आपल्या हातून निसटला याची रुखरुख त्यांना आहे.

प्रत्यक्ष अपग्रेडचा विधी बघण्यासारखा असतो. बँकेच्या कुठल्याशा परिषदेत मिळालेली रेक्झिनची बॅग, तिच्यात चार-पाच स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च, मार्करने नावं लिहिलेल्या सीड्यांचा गठ्ठा आणि एक्स्टेन्शन बोर्ड. हा माणूस दारात चप्पल काढतानाच आवाज देतो, "इन्व्हर्टर आहे का?"

खुर्चीवर बसल्यावर पहिल्या दहा मिनिटांत ते तुमच्या मशिनची अवस्था बघून तोंडाने च् च् करतात. "हे कोणी टाकलं होतं?" असं विचारतात. बहुतेक वेळा ते त्यांनीच टाकलेलं असतं. मग 'नेक्स्ट', 'नेक्स्ट', 'आय अ‍ॅक्सेप्ट'. तो लांबलचक करारनामा सहीला आल्यासारखा एखादं मिनिट त्यांच्यासमोर उभा राहतो आणि जातो. बँकेत असताना मात्र कर्जदाराला प्रत्येक पानावर सही करायला लावणारा हाच मनुष्य. मशिन कामाला लागलं की खुर्ची मागे सरकवून ते सहज विचारतात, "बॅकअप घेतलाय ना?"

घरात शांतता पसरते.

"मला वाटलं, तुम्ही घ्याल," यजमान म्हणतात.

"बघू. शक्यतो काही होत नाही," अपग्रेडकर म्हणतात. या 'शक्यतो'वर पुढचे दोन तास घर उभं असतं.

पडद्यावर टक्के सुरू होतात आणि खाली सूचना येते की कॉम्प्युटर बंद करू नका. ती सूचना अपग्रेडकर सगळ्या घराला लागू करतात. इस्त्री बंद. मिक्सर बंद. वॉशिंग मशिन अर्ध्यावर थांबवायचं. मुलांनी वाय-फायवरून उठायचं, कारण 'लोड येतो'.

"कुकर लावू का?" आतून विचारणा होते.

"कुकर गॅसवर असतो, वहिनी. लावा."

टक्क्यांविषयी त्यांना सखोल ज्ञान आहे. "पस्तीसला थांबलं तर घाबरायचं नाही. पंचाहत्तरला स्क्रीन काळी होईल, तेव्हाही घाबरायचं नाही. शंभरला मात्र सावध राहायचं." "का?" "शंभरनंतर पुन्हा शून्य येतं." आणि खरोखरच येतं. मशिन एकदा बंद होऊन चालू होतं, दुसऱ्यांदा होतं, आणि त्या अंधारात यजमानांना आपलं प्रतिबिंब दिसायला लागतं. तिसाव्या टक्क्याला चहा येतो, साठाव्याला पोहे. अपग्रेडकर तेरा फ्लॉप्यांची गोष्ट सांगतात. वाय-फाय नाही, टीव्ही नाही, त्यामुळे कॉलेजात जाणारी मुलगीसुद्धा ती ऐकते. त्या घरातली माणसं एरवी एका खोलीत दोन तास बसलेली कोणी पाहिली नसतील. एकदा एका घरात असं बसल्या बसल्या मुलीने बाहेरगावी नोकरी घेतल्याचं सांगून टाकलं. पडदा त्रेसष्ट टक्क्यांवर होता, त्यामुळे वडिलांना उठून आत जाता येईना. ते प्रकरण ब्याण्णव टक्क्यांपर्यंत मिटलं.

शेवटी नवी विंडोज अवतरते. पहिली पाच मिनिटं सगळे कौतुकाने बघतात. मग यजमान म्हणतात, "ते आपलं खाली डावीकडे असायचं ते कुठे गेलं?" विंडोज ११मध्ये स्टार्टचं बटण मध्यभागी आलंय. अपग्रेडकर ते डावीकडे नेतात. "आणि मागे आमच्या नातवाचा फोटो होता." तो परत लावतात. "अक्षर फार बारीक झालंय." ते मोठं करतात. राइट क्लिक केल्यावर जुना मेनू दिसत नाही, तो दिसावा म्हणून काहीतरी टाइप करतात. तासाभराच्या खटपटीनंतर नवी आवृत्ती हुबेहूब जुन्यासारखी दिसायला लागते आणि यजमान समाधानाने म्हणतात, "हां, आता कसं नवीन वाटतंय!"

"प्रिंटर चालतोय ना?" त्या घरातल्या वहिनी विचारतात.

अपग्रेडकर बॅगेची चेन लावत असतात. "प्रिंटर हा वेगळा विषय आहे," ते म्हणतात, आणि आजवर ज्या ज्या घरात हे वाक्य उच्चारलं गेलं तिथे तो वेगळाच राहिलेला आहे.

प्रिंटरखेरीज त्यांनी एकदा आमच्या सोसायटीची मराठी भाषाही वेगळी केली. सेक्रेटरींनी दहा-बारा वर्षांची इतिवृत्तं जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये लिहून ठेवली होती. त्या फॉन्टांची गंमत अशी की कॉम्प्युटरच्या लेखी ते मराठी नव्हतंच. आत साठवलेली असायची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचा मुखवटा चढवायचा. अपग्रेडकरांनी फॉरमॅट मारला, फॉन्ट गेला, मुखवटा उतरला. वार्षिक सभेत सेक्रेटरींनी मागील सभेचं इतिवृत्त उघडलं तर पडद्यावर डोक्यावर टोप्या घातलेले ओ, उलटी प्रश्नचिन्हं आणि पौंडाच्या खुणा. "मागील सभेत..." असं म्हणून ते थांबले. एक सभासद म्हणाले, "मागच्या सभेत असंच झालं होतं. बरोबर आहे, मंजूर करा."

अपग्रेडकर डगमगले नाहीत. "विंडोज २०००पासून युनिकोड देवनागरी आहे. तुम्ही तेव्हाच मंगल फॉन्टवर यायला पाहिजे होतं," ते म्हणाले. समोरून उत्तर आलं, "आमचं मंगल होतंच, तुम्ही येईपर्यंत."

हे उत्तर देणारे गृहस्थ म्हणजे शेवटच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक. अपग्रेडकरांच्या आयुष्यातला एकमेव न जिंकलेला गड. त्यांच्या टेबलावर आजही एक्सपी आहे. तोच जुना फॉन्ट, तोच जाड पाठीचा मॉनिटर, इंटरनेटची वायरच नाही. सकाळी सात ते नऊ ते आपल्या गावाचा इतिहास लिहितात.

"सर, एक्सपीचा सपोर्ट आठ एप्रिल २०१४ला संपला," अपग्रेडकर सांगतात.

"माझ्या गावाला अठराशे अठरात कोणाचा सपोर्ट होता?" सर विचारतात.

"पण सिक्युरिटी?"

"दाराला कडी आहे."

"सर, जग कुठे गेलंय!"

"मी त्र्याहत्तरच्या सुरुवातीला आहे, दुष्काळाचं प्रकरण संपायचंय. तेवढं झालं की येतो जगाकडे."

सरांचा ग्रंथ सहाशे पानांवर गेला आहे. अपग्रेडकर खाली येऊन सांगतात, "काय ती अवस्था मशिनची! बघवत नाही." एवढ्या वर्षांत ती पानं त्यांनी एकदाही बघायला मागितलेली नाहीत. सरांनीही त्यांना एक्सपीतून बाहेर पडल्यावर मिळतं काय, ते विचारलेलं नाही. दोघांचा एकमेकांविषयी सारखाच समज आहे: भला माणूस आहे, पण वेळ फुकट घालवतो.

अपग्रेडकरांना हसणं सोपं आहे, पण अधूनमधून त्यांचं खरं ठरतं आणि मग सोसायटीची पंचाईत होते. १२ मे २०१७ला वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरातले कॉम्प्युटर कुलूपबंद केले. फायली परत हव्या असतील तर तीनशे डॉलर बिटकॉइनमध्ये भरा, असा निरोप पडद्यावर यायचा. ब्रिटनमधल्या रुग्णालयांना ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या फटीतून तो घुसला ती बुजवणारा अपडेट मार्चमध्येच निघाला होता. ज्यांनी तो घेतला नव्हता ते सापडले. दुसऱ्या दिवशी सकाळी अपग्रेडकर वर्तमानपत्र हातात घेऊन गेटपाशी उभे होते. दूध आणायला जाणाऱ्या प्रत्येकाला ते फक्त एवढंच विचारत होते, "वाचलंत?" त्यात वर्तमानपत्र वाचलंत की व्हायरसमधून वाचलंत, हे त्यांनी मोघम ठेवलं होतं. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि बरोबर निघाल्याबद्दल आठवडाभर लिफ्टमध्ये त्यांच्याशी कोणी बोललं नाही.

एवढ्या खंबीर माणसाला एकदाच खचलेलं पाहिलं, ते २०१५ साली. विंडोज १० यायची होती. ७ व ८वाल्यांना ती वर्षभर फुकट मिळणार, असं जाहीर झालं होतं. अपग्रेडकरांनी सोसायटीच्या फलकावर वेळापत्रक लावलं: ए विंग शनिवारी, बी विंग रविवारी. आणि अशा ऐन सराईत बातमी आली की कंपनीच्याच एका माणसाने जाहीर व्याख्यानात विंडोज १० ही शेवटची आवृत्ती असल्याचं सांगितलंय. यापुढे नवा आकडा नाही. जे काय बदलायचं ते आपोआप, आतल्या आत बदलत राहणार. अपग्रेडकर दोन दिवस खाली उतरले नाहीत. वहिनी काळजीने सांगत होत्या, "जेवतायत, पण लक्ष नाही." तिसऱ्या दिवशी भेटले तेव्हा म्हणाले, "आपोआप होणार म्हणजे काय? मग माणसांनी करायचं काय?"

सहा वर्षांनी, ५ ऑक्टोबर २०२१ला विंडोज ११ आली. शेवटच्यानंतरचीही एक निघाली. अपग्रेडकरांनी पेढे वाटले. घरी येऊन त्यांनी कंपनीचा तपासणीचा प्रोग्राम चालवला आणि पडद्यावर लाल फुली आली.

ही नवी सून फार चोखंदळ निघाली. हिला टीपीएम टू पॉइंट झिरो नावाची सुरक्षेची चिप पाहिजे. सिक्युअर बूट पाहिजे. चार जीबी रॅम आणि चौसष्ट जीबी जागा, यावर फारसं कोणी अडलं नसतं. पण इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचाच पाहिजे. अपग्रेडकरांचा सातव्या पिढीचा. तोही २०१७ साली, आठवी पिढी येण्याच्या जरा आधी, 'आता मोठा डिस्काउंट आहे' म्हणून हौसेने घेतलेला. पत्रिका जुळत नाही म्हणून चांगलं स्थळ परत जावं तसा त्यांचा चेहरा झाला.

बाकीच्या मशिनवर मात्र चिप असूनही दिसत नव्हती. ती बायोसमध्ये निराळ्या नावाने बसलेली असते: इंटेलच्या घरी पीटीटी, एएमडीच्या घरी एफटीपीएम, आणि बऱ्याचदा बंद करून ठेवलेली. अपग्रेडकर घरोघर जाऊन कॉम्प्युटर चालू होताच डिलीटचं बटण धडाधडा दाबत आत शिरायचे आणि तिला जागं करायचे. एका घरात बायोसमधल्या या फिरवाफिरवीनंतर एका लॅपटॉपने अठ्ठेचाळीस आकडी रिकव्हरी की मागितली. "ती कुठे असते?" यजमानांनी विचारलं. "तुमच्या अकाउंटात." "अकाउंट कुठल्या नावाने आहे?" "मागच्या वेळी मीच काढून दिलं होतं." "मग पासवर्ड?" अपग्रेडकरांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. हे फार क्वचित घडतं. रात्री साडेअकराला पासवर्ड सापडला. त्यांच्याच बॅगेतल्या एका सीडीच्या पाकिटावर, मार्करने लिहिलेला.

स्वतःच्या मशिनचं काय केलं, हे त्यांनी बरेच दिवस सांगितलं नाही. मग कळलं की 'हात लावू नये' लिहिलेली पेन ड्राइव्ह बाहेर निघाली होती. तपासणी चुकवून अकरा टाकायची मागची वाट तिच्यात तयार करून ठेवली होती. त्यांच्या पडद्याच्या कोपऱ्यात हे यंत्र नियमात बसत नसल्याची फिकट ओळ कायमची उमटलेली असायची. तिचं त्यांना काही वाटलं नाही. डोंबिवलीत आयुष्य काढलेला माणूस, नियमात न बसणाऱ्या गोष्टीत कसं राहायचं ते त्याला कोणी शिकवावं लागत नाही. उलट यात त्यांचा लाभच होता. अशा मशिनला दरवर्षीची मोठी आवृत्ती आपसूक येत नाही. ती हाताने, धडपडून, पेन ड्राइव्ह लावून चढवावी लागते. बावीस एच टू, तेवीस एच टू, चोवीस एच टू. कंपनीने ज्यांना अपात्र ठरवलं, त्यांच्याच वाट्याला तिने अपग्रेड करण्याचं खरं सुख ठेवलं होतं.

मग गेल्या ऑक्टोबरचा तो योग आला. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, तोही दिवाळीच्या तोंडावर. वर्षानुवर्षं 'चाललंय ना, मग कशाला?' म्हणणारे लोक अपग्रेडकरांच्या जिन्यात रांग लावून उभे राहिले. वसुबारसेपर्यंत ते घरोघर अपग्रेड करत फिरले. मजुरी ते घेत नाहीत. पण चकल्या, चिवडा आणि अनारसे यांचा असा ओघ लागला की वहिनींनी यंदा फराळ केलाच नाही. घरगुती ग्राहकांना आणखी वर्षभर सुरक्षेचे अपडेट घेता येतील अशी सोय आहे, हे कोणीतरी वाचून आलं. अपग्रेडकर त्याच्याशी दोन मिनिटं बोलले नाहीत. मुदतवाढ हा शब्द त्यांनी बँकेत फक्त बुडीत कर्जांच्या संदर्भात ऐकला होता.

आणि या सगळ्या धामधुमीत बेंगळुरूहून चिरंजीव आले. पाडव्याला त्यांनी वडिलांच्या हातात नवा कोरा लॅपटॉप ठेवला.

"बाबा, सगळं आहे यात. लेटेस्ट."

अपग्रेडकरांनी तो उघडला. अकरा होती. तीसुद्धा पंचवीस एच टू. चिप होती, चालू होती. प्रिंटर आपण होऊन सापडला. अपडेट रात्री सगळे झोपल्यावर येत होते आणि पहाटेपर्यंत कोणालाही न उठवता बसत होते. चार दिवस अपग्रेडकर त्याच्यासमोर बसून होते. तो काही मागत नव्हता. पाचव्या दिवशी वहिनींनी हळूच विचारलं, "मग मी भिशीचं त्यात लिहू का?" ते "लिही" म्हणाले, तेव्हा त्या माउलीच्या पोटात धस्स झालं. भिशीची वही तीस वर्षांत पहिल्यांदा कपाटात गेली. ह्यांना डॉक्टरांकडे न्यावं का, असं त्या आमच्याकडे येऊन विचारून गेल्या.

आठवड्याभराने जिन्यात अपग्रेडकर भेटले. दोन-दोन पायऱ्या चढत होते, चष्मा कपाळावर. त्यांना कळलं होतं की अजून तयार व्हायची असलेली विंडोज आधीच चालवून बघायला देणारी एक योजना कंपनी २०१४पासून चालवते. नाव नोंदवायचं, की कच्ची आवृत्ती थेट तुमच्या घरी. काही बिघडलं तर जबाबदारी तुमची. ती वरचेवर येते, आणि आली की पुन्हा शून्य टक्क्यांपासून.

"नाव नोंदवलं?" मी विचारलं.

"त्यातल्याही सगळ्यात कच्च्या चॅनेलला!" ते म्हणाले. "तुमच्या वहिनींना सांगा, वही काढून ठेवा म्हणावं."

"बरं, पण नवीन काय आहे तिच्यात?"

"ते बघायला सवड कुठे आहे? सकाळी एक टाकली, दुपारी पुढची आलीये," असं म्हणून त्यांनी घड्याळ बघितलं आणि दार उघडता उघडता आत ओरडून सांगितलं, "अगं, मिक्सर बंद कर!"